पावण्यांच्या म्हशीचा डोळा

पिराजी खाडे स्वतःच्या उजव्या डोळ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नसत. डावा डोळा तरणेपणी एका मारक्या म्हशीच्या शिंगानं गेला होता, त्यामुळं विश्वास ठेवायला तरी डोळा एकच उरला होता. त्यात धंदा असा, की संशय घेणं ही गिऱ्हाइकाची सवय आणि तो फेडणं हे पिराजींचं काम. कळंब्याच्या गोठ्यातनं म्हैस चालवत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाइकासमोर पिळायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, ही कोल्हापूरची जुनी रीत. घरनं पिळून आणलं म्हटलं की गिऱ्हाईक लगेच विचारणार, "पाणी किती घातलंसा?" असल्या लोकांत उभा जन्म गेल्यावर पिराजीही तसेच झाले. भाजीवाल्याचा काटा, टीव्हीवरचा पाऊसपाण्याचा अंदाज, पोराचं उशिरा घरी येण्याचं कारण, सगळ्यांत त्यांना पाणी दिसायचं.

मागं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांना जेरीस आणलं होतं. घालायचं भिंग आधी माझ्या हातात द्या, आणि काढलेला मोतीबिंदू वाटीत घालून दाखवा, अशी त्यांची मागणी. डॉक्टर शार्दूल हसले आणि म्हणाले, "आबा, भिंग कायमचं असतं. मरेपर्यंत खराब व्हायचं नाही." या वाक्याची पिराजींनी मनाशी खूणगाठ बांधली. ऑपरेशननंतर नजर अशी चोख झाली, की लांबनं येणाऱ्या म्हशीच्या कानावरची गोचीड ते ओळखत. बाजारात म्हैस घेणारा माणूस त्यांना सोबत न्यायला लागला. पिराजी बघून गेले म्हणजे म्हशीला सरकारी शिक्काच बसला, असं लोक म्हणत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी जग हळूहळू मळायला लागलं. गोठ्यातल्या दिव्याभोवती पांढरं रिंगण दिसू लागलं. संध्याकाळी कट्ट्यावरनं परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे अंगावर फुटल्यासारखे वाटू लागले. दुधाची चरवी कितीही धुतली तरी साबण राहिल्यासारखी दिसे. पण डोळा नवा होता, भिंग कायमचं होतं, तेव्हा खोट डोळ्यात असणं शक्यच नव्हतं. खोट दुसऱ्या कुणाची तरी असणार, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे सून.

राजनंदिनी नेसरीची. पिराजींचा मुलगा ऋतुराज शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, पिराजींची बायको वारलेली, त्यामुळं दिवसभर घरात सासरा आणि सून दोघंच. ती गरोदर होती. सातवा संपला की पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जायचं ठरलं होतं.

"सूनबाई, ह्या चरवीला साबण ऱ्हायलाय बग."

"मी परत धुतो की, आबा."

ती परत धुवायची. पिराजी उन्हात चरवी फिरवून बघायचे आणि पुन्हा तिच्या हातात द्यायचे. मग ती राख घेऊन, नारळाच्या शेंडीनं घासायची. पिराजींना वाटायचं, पोरगी कामचुकार आहे, आणि कामचुकारपणा लपवायला गोड बोलते.

अशातच त्यांची एक म्हैस आटली आणि कट्ट्यासाठी दुसरी हवी झाली. राजनंदिनीचे वडील, नेसरीचे ज्ञानू नाईक, यांच्या घरी दुसऱ्या वेताची, घरच्या गोठ्यात वाढलेली म्हैस होती. "पावणं, घरातल्या घरात व्हतंय," असं म्हणून फोनवरच ठरलं. ज्ञानू नाईक सकाळी टेम्पोतनं म्हैस घेऊन कळंब्याला आले. त्यांनी म्हशीला आंघोळ घालून शिंगांना तेल लावलं होतं, आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू आणले होते.

शेजारी जमले. पिराजींनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. दात बघितले, कास चाचपली, शेपटी ओढून बघितली, चार पावलं चालवून बघितली. मग म्हशीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं आणि अंगठ्यानं पापणी वर केली. जिथं काळंभोर दिसायला हवं, तिथं त्यांना निळसर-पांढरं धुकं दिसलं. दुसरा डोळा बघितला, तर तोही तसाच.

"फूल पडलंय," पिराजी म्हणाले.

ज्ञानू नाईकांना वाटलं, व्याही चेष्टा करतोय. "पावणं, कवळं वासरूबी इतक्या नितळ डोळ्याचं नसतंय. नीट बगा की."

"नीटच बगितलंय. दोन्ही डोळ्यांत फूल हाय. आंधळी म्हस गळ्यात बांधायला व्याहीच गावला व्हय तुमास्नी?"

शेजाऱ्यांनी वाकून बघितलं. आधी त्यांना काहीच दिसलं नाही. पण आबा म्हणतात म्हणजे असेल, असं एकजण म्हणाला, दुसऱ्याला थोडंसं दिसल्यासारखं झालं, आणि मग सगळ्यांनाच ते फूल दिसायला लागलं. पारखी माणसाच्या शब्दाची हीच मोठी आफत असते. राजनंदिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

ज्ञानू नाईक तडक घरात गेले, देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेऊन बाहेर आले. आपल्याकडं माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण भंडारा उचलून बोलणार नाही. त्यांनी म्हशीच्या कपाळाला भंडारा लावला आणि मूठ वर केली.

"ह्या म्हशीत खोट असंल तर माझ्या गोठ्याला आग लागू दे. आन खोट नसंल तर, पावणं, तुमी सवता येऊन तसं बोलंपातूर ह्या उंबऱ्याचं पानी मी प्यायचा न्हाय."

त्यांनी म्हैस परत टेम्पोत चढवली. लेकीकडं बघितलं, लाडवाचा डबा पायरीवर ठेवला आणि निघून गेले.

या शपथेत राजनंदिनी अडकली. पहिल्या बाळंतपणाला लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. तिला भाऊ नव्हता. आणि वडील आता उंबऱ्याशी येणार नव्हते. ऋतुराज म्हणाला, मी सोडून येतो, त्यात काय. ती म्हणाली, "आण्णा न्यायला आल्याबिगर मी जात न्हाय. टाकून दिल्यागत कोन जाईल?" मग ऋतुराजनं बापाला समजावून बघितलं. बाप म्हणाला, "तू बायकूचा झालायस. तुला म्हशीतलं काय कळतंय?"

तिकडं नेसरीलाही काही बरं नव्हतं. ज्ञानू नाईकांनी म्हैस गडहिंग्लजच्या बाजारात नेली, तर कळंब्याच्या पिराजीनं परत पाठवलेली म्हैस म्हणून कुणी तिच्या दावणीपाशी थांबलंसुद्धा नाही. ही बातमी पिराजींच्या कानावर आली. त्यांना वाटलं, बघा, बाजारालाही कळलं.

सातवा संपून आठवा लागला. राजनंदिनी स्वयंपाक करी, चरव्या घाशी, विचारलं तेवढंच बोले. तिच्या गप्प राहण्याचाही पिराजींना संशय येऊ लागला. बापाचा सूड म्हणून ही आपल्या चहात काही घालत तर नसेल? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, इथं तर पोळलेलं नसतानाच फुंकणं चाललं होतं. ते चहा आधी हुंगत, मग एक घोट घेऊन थांबत, मग पीत. ती ते बघत असे.

आणि एका दुपारी चंद्री म्हशीला पाणी घालताना पिराजींचा हात थांबला. चंद्री त्यांच्या गोठ्यातली सगळ्यात लाडकी, त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांनी तिचं तोंड उन्हाकडं फिरवलं. तिच्या डोळ्यात फूल होतं.

पिराजींनी दुसरी म्हैस बघितली, तिसरी बघितली, शेवटी दावणीचं रेडकू उचलून बघितलं. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच निळसर धुकं. क्षणभरही दुसरा विचार न करता त्यांनी निकाल लावला. नेसरीची म्हैस इथं घटकाभर उभी राहिली होती, तेवढ्यात ती रोग लावून गेली. ज्ञानूनं भंडारा उचलून वर आपला गोठाही बुडवला!

जनावरांच्या डॉक्टर अवनी मोटारसायकलवरनं आल्या. त्यांनी बॅटरी मारून एकेक डोळा तपासला, डोळ्यासमोर हात हलवून बघितला आणि बॅटरी खिशात टाकली.

"एकाच्याही डोळ्यात काही नाही, आबा."

पिराजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचं म्हायार कुठलं, बाई?"

"गडहिंग्लज. का हो?"

"तरीच!" पिराजी म्हणाले. "नेसरीकरांची पावणी असनार तुमी."

अवनीबाई चिडल्या नाहीत. म्हशीच्या लाथा खाल्लेलं माणूस असल्या बोलण्यानं हलत नाही. त्या म्हणाल्या, "आबा, तुमच्या सगळ्या म्हशींना फूल, रेडकाला फूल, पावण्यांच्या म्हशीला फूल. आणि मला कुठंच दिसत नाही. मग एकदा तुमचाच डोळा दाखवा की कुणाला तरी."

"माझा डोळा नवा हाय. भिंग मरंपातूर टिकतंय म्हनालेत डॉक्टर."

"मग त्यांनाच जाऊन विचारा," एवढं बोलून त्या गेल्या.

पिराजी गोठ्यात दगडावर बसून राहिले. चंद्री त्यांचा खांदा चाटत होती. डोळा खराब असेल, हे त्यांच्या मनाला शिवायला तयार नव्हतं, कारण तसं असलं तर बाकी सगळंच खोटं पडत होतं. विचार करता करता त्यांना एक वाट सापडली, आणि ती अर्थातच संशयाची होती. भिंग! डॉक्टरनं त्या वेळी भिंग हातात दिलं नव्हतं. कुणाच्या तरी डोळ्यातनं काढलेलं जुनं भिंग आपल्याला घातलं असणार. दुसऱ्या दिवशी ते भांडायला म्हणून दवाखान्यात गेले. ऋतुराजनं रजा टाकली. राजनंदिनीची तपासणीही त्याच बाजूला होती, म्हणून तीही रिक्षात होती.

डॉक्टर शार्दूलनी हनुवटी यंत्राच्या वाटीत ठेवायला लावून डोळा बराच वेळ बघितला. "भिंग एकदम स्वच्छ आहे, आबा. नवंच घातलं होतं, अजून नवंच आहे."

"मग काढून दावा!"

"काढायची गरजच नाही. आपल्या डोळ्यात मूळ भिंगाची एक पातळ पिशवी असते. मोतीबिंदू काढताना तिचा मागचा पडदा आम्ही ठेवतो, नवं भिंग त्याच्या आधारानं बसतं. काही जणांना पुढं तो पडदा गढूळ होतो. तुमचा झालाय. लेझरनं मधोमध खिडकी पाडली की झालं, पाच मिनिटांचं काम. तुम्ही तपासणीला येत राहिला असता तर केव्हाच कळलं असतं."

"म्हंजे खोट कुनाची?"

"कुणाचीच नाही."

हे उत्तर पिराजींना मुळीच पटलं नाही. खोट आहे आणि ती कुणाचीच नाही, असा व्यवहार त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांनी पोराकडं बघितलं, पोरगं डॉक्टरांच्या बोलण्याला मान डोलावत होतं. तेवढ्यात दाराशी बसलेली राजनंदिनी बोलली.

"आबा, दुधावर साय धरती तसं. साय कोन घालतंय व्हय? दूध थांबलं की आपूआप धरती."

ही गोष्ट मात्र पिराजींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण उरलेला एकच डोळा, आणि त्यात लेझर! त्यांच्या पाचावर धारण बसली. शेवटी ते म्हणाले, "करा. पर माझ्या माघारी करायचं न्हाय. कोनतरी समोर हुबं ऱ्हायला पायजे."

"मुलाला थांबवू दाराशी," डॉक्टर म्हणाले.

"त्यो नको. त्यो तुमच्या हूला हू करतोय. सूनबाई हुबी ऱ्हाऊ दे." मग ते तिच्याकडं वळले. "तुझ्या बाला मी चारचौघांत खोटा पाडलोय. तू माझी भीड धरनार न्हाईस. डोळ्यातनं काय काढत्यात, काय घालत्यात, ते बग आन खरं ते सांग."

"काहीच काढणार नाही, काहीच घालणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"तेच बगू दे तिला."

राजनंदिनी पोटावर हात ठेवून दारात उभी राहिली. पिराजींनी कपाळ पट्टीला टेकवलं. डोळ्यात लाल ठिपके आले, टक् टक् असा आवाज झाला, आणि ते दात आवळून बसले असतानाच काम संपलं. त्यांनी मान फिरवून विचारलं, "काय गं?"

"काय काढलं न्हाय, काय घातलं न्हाय. मी बगितलो."

ती सासऱ्याशी खोटं बोलू शकली असती. पिराजींना हे ठाऊक होतं, आणि तरी त्यांना तिचं खरं वाटलं. ते स्वतःच चकित झाले.

औषधाच्या थेंबांनी त्या दिवशी सगळं अंधूक दिसत होतं, त्यामुळं संध्याकाळपर्यंत त्यांनी डॉक्टरांना दोन-चार शिव्या घालून घेतल्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात आले. दगडी कट्ट्यावर चरवी पालथी घातली होती. ती इतकी लखलखत होती, की त्यांना तिच्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या तशाच होत्या. गेले कित्येक महिने त्या तशाच लखलखत असणार.

राजनंदिनी चहा घेऊन आली. कपाखालचे तिचे हात त्यांना दिसले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, काहींत राख जाऊन काळ्या रेघा झाल्या होत्या, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. पिराजींनी चहा न हुंगता घेतला. त्यांना रडू आवरेना, म्हणून ते कप घेऊन गोठ्यात गेले. चंद्रीचा डोळा पिकल्या जांभळासारखा काळा होता. त्यात एक म्हातारा कप घेऊन उभा होता, आणि त्या म्हाताऱ्याची पिराजींना शरम वाटली.

दुपारच्या एसटीनं ते एकटेच नेसरीला गेले. ज्ञानू नाईकांच्या दारात चार माणसं तंबाखू मळत बसली होती. पिराजी आत गेले नाहीत, अंगणातच उभे राहिले आणि कट्ट्यावर ओरडतात तेवढ्या आवाजात बोलले.

"पावणं, तुमची म्हस चोख हुती. फूल माझ्या डोळ्यात हुतं. मी चुकलो. चारचौघांत बोललतो, चारचौघांत सांगतोय."

ज्ञानू नाईक जागचे हलले नाहीत. "आज डोळा बरा झाला म्हंता. कशावरनं?"

"डॉक्टरनं लेझर मारलंय."

"डॉक्टरचं ऱ्हाऊ द्या. आमी समोर बगितल्याबिगर मानत न्हाय."

ते उठले. त्यांनी पिराजींची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं फिरवलं आणि अंगठ्यानं पापणी वर केली. आधी डावीकडनं बघितलं, मग उजवीकडनं. डोळ्यासमोर हात हलवला. बसलेली माणसं तंबाखू मळायची थांबली. आयुष्यभर पिराजींनी शेकडो म्हशी अशा धरल्या होत्या, पण धरलेल्या म्हशीला कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. ते हलले नाहीत. डोळ्यातनं पाणी वाहून ज्ञानू नाईकांच्या मनगटावर आलं.

"डोळा चोख हाय," ज्ञानू नाईक म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "दात दावा बगू."

माणसं खो खो हसली. ज्ञानू नाईकांनी घरात हाक दिली, "पिशवी भरा गं! पोरीला आनायला जायचं हाय."

दुसऱ्या दिवशी ते कळंब्याला आले. उंबऱ्याबाहेर थांबले. राजनंदिनी पाण्याचा पेला घेऊन आली, आणि पेला घेता घेता त्यांची नजर तिच्या हातांवर गेली.

"हाताला काय झालं गं तुज्या?"

"काय न्हाय आण्णा. थंडीनं उलल्यात."

ज्ञानू नाईकांनी मान हलवली. एवढ्यावर विषय संपला असता. पिराजी फक्त गप्प बसले असते तरी पुरे होतं.

"थंडी न्हवं, पावणं," ते म्हणाले. "मी. मला चरव्या मळक्या दिसायच्या, मी तिला परत परत घासायला लावलो."

ज्ञानू नाईकांचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. त्यांनी व्याह्याकडं बघितलं, मग लेकीच्या हातांकडं, मग पुन्हा व्याह्याकडं. ऋतुराजनं पिशवी उचलली होती, ती खाली ठेवली.

"आण्णा," राजनंदिनी म्हणाली, "पानी घ्या."

ज्ञानू नाईकांनी पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा पेला लेकीच्या हातात न देता पिराजींच्या हातात दिला.

"ह्यो तुमी धुवा," ते म्हणाले.

पिराजी पेला घेऊन नळाकडं गेले.